शब्दचर्चा : स्क्रोफ्युला, गंडमाळ आणि दोन राजे

शाईपेन

मंडळी, सॅम्युअल जॉन्सन या इंग्रज कोशकारावर दिवाळी अंकासाठी लेख लिहितो आहे. त्याला तान्हेपणी ‘स्क्रोफ्युला’, म्हणजे मानेला गाठी येण्याचा आजार, झाला होता. त्या काळचे लोक याच आजाराला ‘किंग्ज ईव्हिल’ म्हणत. मराठीत ‘राजरोग’ हा शब्द आयता हाताशी आहे आणि शेजारी ‘राजयक्ष्मा’ लिहायचाही मोह होतोय. चालेल का? दुसरं असं की, मूळ शब्द लॅटिन आहे म्हणतात. त्याचा अर्थ एके ठिकाणी ‘छोटी डुकरीण’ असा दिलाय. कुणीतरी थट्टा केलेली दिसते.

जुनी चोपडी

थट्टा नाही हो, डुकरीणच. लॅटिनमध्ये ‘स्क्रोफा’ म्हणजे पिल्लं देणारी, पोसलेली डुकरीण. तिला ‘उला’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला की ‘स्क्रोफुला’. रोगाचं नाव म्हणून मात्र जुन्या लॅटिनमध्ये तो अनेकवचनात येतो, ‘स्क्रोफुले’, म्हणजे छोट्या छोट्या डुकरिणी. मानेवर एक गाठ सहसा एकटी येत नाही, चारपाच येतात, म्हणून हे अनेकवचन. रानडुकराचं शास्त्रीय नाव आजही ‘सुस स्क्रोफा’ आहे, तोच हा शब्द.

पण ही कल्पना रोमनांची स्वतःची नाही. ग्रीक वैद्य या गाठींना ‘खोइरादेस’ म्हणत आणि ‘खोइरोस’ म्हणजे डुक्कर. लॅटिनवाल्यांनी त्याचं भाषांतर केलं, इतकंच. फ्रेंचांनी पुढे ‘एक्रुएल’ केलं, तेही स्क्रोफाच्याच घराण्यातलं. पोर्तुगीजमध्ये याच रोगाला ‘अल्पोर्कास’ म्हणतात, त्यातही ‘पोर्का’, म्हणजे डुकरीण, ऐकू येते.

डुक्करच का, याचं कोडं जुन्या लोकांनाही होतं. सातव्या शतकातला ग्रीक शल्यवैद्य, एजिनाचा पॉल, तीन कारणं देतो. एक, समुद्रात पाण्याबाहेर जेमतेम पाठ काढून असलेल्या खडकांनाही ग्रीक ‘खोइरादेस’ म्हणत आणि कातडीखालून वर आलेल्या गाठी तशाच दिसतात. दोन, डुकरिणीला एका वेतात पुष्कळ पिल्लं होतात, तशा या गाठी वाढतात. तीन, डुकराची मानच तशी गाठाळ असते. तिन्ही कारणं एका दमात सांगून तो पुढच्या कामाला, म्हणजे गाठी कापायच्या कशा याकडे वळतो. मला विचाराल तर दुसरं कारण पटतं. आडव्या पडलेल्या डुकरिणीला ओळीनं लुचणारी पिल्लं ज्यानं पाहिली आहेत, त्याला जबड्याखालची ती रांग बघून दुसरं काही सुचणार नाही.

पहिल्या शतकातला रोमन लेखक केल्सस मात्र ‘स्क्रोफुला’ हा शब्द न वापरता ‘स्त्रूमा’ म्हणतो. गाठी बहुतेक मानेला येतात, काखेत आणि जांघेतही येतात, वैद्यांना अगदी दमवतात, असं त्याचं वर्णन आहे. वर तो सांगतो की साप खाल्ला की हा रोग जातो, असं काही खेडूत स्वानुभवानं म्हणतात!

अवांतर : ‘ग्लँड’ हा शब्दही लॅटिन ‘ग्लान्स’, म्हणजे ओक झाडाचं बोंड, यावरून आला. ‘ग्लांदुला’ म्हणजे छोटं बोंड. आणि डुकरं पोसली जायची ती ओकची बोंडं खाऊनच. रोमनांची मान म्हणजे एक रानच होतं.

तिरकस

आणि ‘मसल’ म्हणजे ‘मुस्कुलुस’, छोटा उंदीर! दंड फुगवला की त्यांना कातडीखाली उंदीर पळताना दिसायचा. आपल्याला बेडकी दिसते. ज्याच्या अंगणात जे.

वेदपाठी नाही

चोपडीकाका, छान लिहिलंत. मी आपल्या बाजूचं थोडं लिहिते.

शाईपेन, तुम्हाला हवा असलेला शब्द ‘गंडमाळ’ आहे. संस्कृत ‘गण्डमाला’. ‘गंड’ म्हणजे गाल, आणि फुगवटा किंवा गाठही. हत्तीचं गंडस्थळ त्यातलंच. गळ्याशी एकच मोठा गंड आला तर गलगंड (हल्लीच्या भाषेत गॉयटर) आणि बारक्या गंडांची माळ झाली तर गंडमाळ. माधवनिदान या आयुर्वेदातल्या रोगनिदानाच्या ग्रंथात त्या गाठींची मापं दिली आहेत : रानबोराएवढी, बोराएवढी, आवळ्याएवढी. जागाही दिल्या आहेत : काख, खांदा, मान, गळा, जांघ. केल्ससची यादी वर वाचली आणि गंमत वाटली. रोम आणि भारत, कुणी कुणाचं पाहून लिहिलेलं नाही, पण आजार ज्या जागी येतो त्या जागीच येणार. गाठी पिकून फुटतात, काही जिरतात, नव्या येतात आणि दुखणं वर्षानुवर्षं रेंगाळतं, तेव्हा त्याला ‘अपची’ म्हणतात. सुश्रुताच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा मिळून एकच अध्याय आहे.

ही अपची फार जुनी आहे. अथर्ववेदात ‘अपचित्’ नावाच्या फोडांना किंवा गाठींना उद्देशून मंत्र आहेत. अभ्यासक त्यांना गंडमाळेसारखा आजार मानतात. सहाव्या कांडातल्या सूक्ताची सुरुवातच अशी आहे : ‘अपचितः प्र पतत सुपर्णो वसतेरिव’. म्हणजे, अपचितांनो, घरट्यातून पक्षी उडून जावा तशा उडून जा. पुढच्या ऋचेत त्यांचे रंग मोजले आहेत : एक चितकबरी, एक पांढरी, एक काळी, दोन लाल. सगळ्या स्त्रीलिंगी, जणू नावानिशी ओळखीच्या बायका.

आणि आता चोपडीकाकांच्या डुकरिणीसाठी खास. सातव्या कांडात म्हटलंय : ‘अपचितां लोहिनीनां कृष्णा मातेति शुश्रुम’. लाल अपचितांची आई काळी आहे, असं आम्ही ऐकलं आहे. म्हणजे इथंही गाठींना आई आहे आणि तिच्या भोवती पिलावळ आहे! डुकरीण नाही इतकंच. दोन्हीकडच्या शब्दांचं एकमेकांशी काहीही नातं नाही, पण पुंजक्यानं येणाऱ्या गाठी पाहून दोन्हीकडच्या माणसांच्या मनात आधी विचार आला तो ‘यांना व्यालं कोण?’ हाच.

‘राजयक्ष्मा’ मात्र लिहू नका. तो फुप्फुसाचा, खोकून रक्त टाकायला लावणारा, माणूस वाळवणारा क्षय. त्यातला ‘राजा’ कोण, याची दोन उत्तरं आयुर्वेदाचार्य वाग्भट एकाच श्लोकात देतो. नक्षत्रांचा आणि द्विजांचा राजा चंद्र, त्याला हा पूर्वी झाला म्हणून राजयक्ष्मा. किंवा हा रोगांमधला राजा म्हणून राजयक्ष्मा. चंद्राची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. दक्षाच्या इतक्या मुली बायको म्हणून केल्या आणि जीव जडला एकट्या रोहिणीवर. बाकीच्यांनी बापाकडे गाऱ्हाणं नेलं, दक्षानं शाप दिला आणि चंद्र झिजू लागला. तेव्हा आपला राजा हा रोगी आहे. तुमच्या ‘किंग्ज ईव्हिल’मधला राजा कोण, ते काका सांगतील.

मुकुंदा

गंड वरून आठवलं. न्यूनगंड, अहंगंड यातला गंड तोच का?

वेदपाठी नाही

हो, मनातली गाठ. इंग्रजी ‘कॉम्प्लेक्स’साठी ‘मनोगंड’ घडवला, त्यातून न्यूनगंड आणि अहंगंड. आता शब्द इतका रुळला आहे की त्यातली सूज कुणाला जाणवत नाही.

जुनी चोपडी

वेदपाठी नसलेल्या ताईंना दंडवत. ती ‘कृष्णा माता’ मला माहीत नव्हती.

आता राजा. तिकडचा राजा रोगी नाही, वैद्य आहे. ‘ईव्हिल’चा अर्थ इथे दुखणं. राजाच्या हस्तस्पर्शानं बरं होणारं दुखणं ते ‘किंग्ज ईव्हिल’. अभिषेक झालेल्या राजाच्या हातात देवाचं सामर्थ्य उतरतं, अशी समजूत फ्रान्स आणि इंग्लंड या दोन राजघराण्यांनी शेकडो वर्षं जपली. इंग्लंडमध्ये ती अकराव्या शतकातल्या एडवर्ड द कन्फेसरपर्यंत मागे नेतात. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये चौथ्या अंकात याच एडवर्डच्या हातगुणाचं वर्णन येतं. फ्रान्सचा राजा रोग्याला हात लावून म्हणायचा, ‘राजा तुला स्पर्श करतो, देव तुला बरं करतो.’

हे प्रकरण लहान नव्हतं. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनं आपल्या कारकिर्दीत नव्वद हजारांवर लोकांना स्पर्श केला असं नोंदींवरून मानतात. रोग्याच्या गळ्यात राजा सोन्याचं नाणं बांधायचा. आधी ते चलनातलंच ‘एंजल’ नाणं असे, त्यावर देवदूत मायकेल. पुढे त्यासाठी वेगळी पदकं पाडू लागले. आपल्याकडच्या गंड्यासारखंच ते, फरक इतकाच की सोनं मिळायचं. तेव्हा रांगेतल्या सगळ्यांच्याच मानेला खरोखर गाठी होत्या असं मी तरी धरून चालणार नाही.

नंतरचा तिसरा विल्यम या सगळ्याला थोतांड म्हणायचा. एकदाच आग्रहाखातर त्यानं कुणाला तरी हात लावला आणि म्हणाला, ‘देव तुला चांगली प्रकृती देवो आणि जास्त अक्कल देवो’, अशी आख्यायिका आहे. मग राणी ॲन आली आणि तिनं प्रथा पुन्हा सुरू केली. शाईपेन, तुमचा जॉन्सन इथे येतो. जन्म १७०९, आणि मार्च १७१२ मध्ये, म्हणजे अडीच वर्षांचा असताना, आई त्याला लिचफील्डहून लंडनला राणीकडे घेऊन गेली. हिरे घातलेली, काळं लांब शिरोवस्त्र घेतलेली एक बाई, एवढी पुसट आठवण त्याला म्हातारपणीही होती. गुण काही आला नाही. मानेवरचे व्रण जन्मभर राहिले, नजरही अधू झाली. तरी राणीनं दिलेलं पदक १७८४ मध्ये मरेपर्यंत त्याच्या गळ्यात होतं. ॲन १७१४ मध्ये वारली, नंतरच्या पहिल्या जॉर्जनं ही प्रथा बंद करून टाकली. फ्रान्समध्ये ती क्रांतीतून वाचून शेवटची डोकावली १८२५ मध्ये, दहाव्या चार्ल्सच्या राज्याभिषेकाला. तोवर लोक हसू लागले होते.

आणखी एक पेच. जुन्या लॅटिनमध्ये ‘मोर्बुस रेगियुस’ असा शब्दप्रयोग आहे, शब्दशः ‘राजाचा रोग’. तो दिसला की लगेच गंडमाळ लिहू नये. केल्सस आणि रोमन कवी होरेस यांच्या काळी त्याचा अर्थ कावीळ! केल्सस कारणही देतो : काविळीच्या माणसाला चांगलं अंथरूण, चांगली खोली, खेळ, थट्टामस्करी, मन प्रसन्न ठेवणाऱ्या गोष्टी द्याव्यात, म्हणजे त्याचा थाट राजासारखा ठेवावा, म्हणून रोगाचं नाव राजाचं. मध्ययुगात हाच शब्द आधी महारोगाकडे आणि मग गंडमाळेकडे सरकला. एकाच नावाच्या चावडीवर तीन रोगांनी मुक्काम केला. जुने इतिहास वाचणाऱ्यांची यात भलतीच तारांबळ होते, कारण एखाद्या राजानं ‘मोर्बुस रेगियुस’ बरा केला म्हणजे नेमकं काय बरं केलं, हे शतक पाहून ठरवावं लागतं.

तिरकस

थोडक्यात : इकडचा राजा आजारी, लंडनचा राजा डॉक्टर आणि रोमचा राजा नुसताच लोळतोय.

डॉक्टरबाई

उशिरा आले, पण व्यवसायाचा विषय आहे म्हणून लिहिते.

हे सगळे राजे आणि डुकरिणी शेवटी एकाच जंतूच्या दारात येतात. बर्लिनमध्ये २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्यानंतर हळूहळू कळत गेलं की फुप्फुसाचा क्षय आणि मानेची गंडमाळ ही बहुतेक वेळा एकाच जंतूची कामं. म्हणजे वेदपाठीताई म्हणतात तसं ‘राजयक्ष्मा’ हे गंडमाळेचं भाषांतर म्हणून चूक आहेच, पण दोघांचं घराणं एक निघालं, हाही योगायोग बघा. ‘बहुतेक वेळा’ हे मुद्दाम लिहिलं. जुने डॉक्टर मानेच्या कसल्याही रेंगाळणाऱ्या गाठीला, पोरांच्या वाहत्या कानाला, डोळे येण्याला, हाडाच्या सुजेलासुद्धा स्क्रोफ्युला म्हणायचे. त्यात कॅन्सरच्या गाठीही असणार. त्यामुळे जुन्या चरित्रात हा शब्द दिसला की आजचं निदान छातीठोकपणे लिहू नये.

युरोपात पोरांना हा रोग एवढा का व्हायचा, त्याचं एक मोठं कारण कच्चं दूध. गाईंच्या क्षयाचा जंतू वेगळा, पण भाऊबंद. तो दुधातून घशात, घशातून मानेच्या लसिका ग्रंथींत. दूध पाश्चराइज होऊ लागल्यावर तिकडची लहान मुलांची गंडमाळ झपाट्यानं कमी झाली. आपल्याकडे दूध उकळूनच प्यायची रीत, तिनं पुष्कळ पिढ्यांना वाचवलं असणार. आपल्याकडचा गाठीचा टीबी मुख्यत्वे माणसांतल्या नेहमीच्या जंतूचाच.

शब्दांबद्दल सांगायचं तर दवाखान्यात ‘स्क्रोफ्युला’ आता कुणी म्हणत नाही. गाठ फुटून वरची कातडी सडली की त्या अवस्थेला ‘स्क्रोफ्युलोडर्मा’ म्हणतात, तेवढ्यापुरती डुकरीण शिल्लक आहे. त्वचेच्या आणखी एका क्षयाला ‘लुपस व्हल्गॅरिस’ म्हणतात आणि ‘लुपस’ म्हणजे लांडगा, कारण तो चेहरा कुरतडतो. डेन्मार्कच्या नील्स फिन्सननं प्रकाशकिरणांनी त्यावर उपचार केले, १९०३ चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. हल्ली ज्याला नुसतं ‘लुपस’ म्हणतात तो आजार वेगळा, गल्लत करू नका. केल्ससचा ‘स्त्रूमा’ तर साफ घर बदलून थायरॉइडकडे गेला. आज स्ट्रुमा म्हटलं की गॉयटर. म्हणजे लॅटिनमध्ये गंडमाळेचा शब्द गलगंडाला लागला. आपण निदान ते दोन शब्द वेगळे ठेवले.

पेशंट काय म्हणतात? साठीच्या पुढची माणसं ‘गंडमाळा झाल्यात’ म्हणतात, मुद्दाम अनेकवचनात. तरुण मंडळी ‘मानेला गाठी आल्यात’ आणि तपासणी झाल्यावर ‘गाठीचा टीबी निघाला’. पायाला जखम होऊन जांघेत दुखरी गाठ येते तिला ‘अवधाण’ म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो, आणि तो उपयोगाचाही आहे. अवधाण दुखतं, गरम लागतं आणि जखम बरी झाली की उतरतं. टीबीची गाठ बहुधा दुखत नाही, गरम लागत नाही, आणि म्हणूनच लोक महिनोन्महिने अंगावर काढतात. दोन आठवड्यांवर राहिलेली गाठ दाखवून घ्या. सुईनं नमुना घेऊन तपासता येते. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, साधारण सहा महिन्यांचं असतं आणि ते मध्येच सोडायचं नसतं. आणखी एक : फक्त गाठीचा टीबी असेल, छातीचा नसेल, तर तो सहसा दुसऱ्याला लागत नाही. ताट-वाटी वेगळी करू नका. ही गोष्ट दर खेपेला घरच्यांना परत सांगावी लागते.

पानवाला

वनस्पतिशास्त्र शिकवायचो, म्हणून माझी भर. ‘स्क्रोफ्युलॅरिएसी’ हे कुळ बीएस्सीला पाठ केलेले इथे पुष्कळ असतील. ते नाव याच गंडमाळेवरून आलं. युरोपात ‘स्क्रोफ्युलॅरिया नोडोसा’ नावाची वनस्पती आहे, तिच्या मुळांना गाठी असतात. जे दिसायला रोगासारखं, ते त्या रोगावर औषध, असा त्यांचा जुना न्याय. म्हणून गाठाळ मूळ गंडमाळेवर. नावात लॅटिनचा साधा ‘एफ’ जाऊन ग्रीक थाटाचा ‘पीएच’ घुसलाय तो पंडितांचा शौक. डुकरिणीला ग्रीक पोशाख चढवला.

आपली नीरब्राह्मी आधी याच कुळात शिकवायचे. पुढे डीएनएच्या आधारानं कुळाची फाळणी झाली आणि ती प्लँटॅजिनेसीत, म्हणजे इसबगोलाच्या कुळात गेली. जुनी पुस्तकं वापरणारी पोरं अजून परीक्षेत जुनं कुळ लिहितात, मी मार्क द्यायचो.

आयुर्वेदात गंडमाळेसाठी कांचनाराची साल, म्हणजे कांचनार गुग्गुळ. तिथे गाठाळ मुळाचा न्याय लागत नाही. डॉक्टरबाई रागावतील म्हणून सांगतो, ही शब्दांची चर्चा आहे, टीबीच्या गोळ्या सोडून साल उकळत बसू नका.

शाईपेन

सगळ्यांचे आभार. लेखात ‘गंडमाळ’ लिहितो आणि ‘किंग्ज ईव्हिल’ मराठीत न आणता त्याच्या बाजूला ‘राजस्पर्शानं बरं होणारं दुखणं’ एवढं उकलून देतो. ‘राजरोग’ वगळला. मराठीत तो वाचला की एक तर क्षय किंवा श्रीमंताचं दुखणं असंच मनात येतं.

एक शेवटचं विचारतो. ‘स्क्रोफा’ हे माणसाचं नावही असल्याचं आत्ता शोधताना दिसलं. रोमन लोक डुकरीण आडनाव लावायचे?

जुनी चोपडी

लावायचे की. ग्नेयस त्रेमेलियस स्क्रोफा हा शेतीतला मोठा जाणकार. व्हारो या रोमन पंडितानं शेतीवर लिहिलेल्या संवादात तो एक पात्र आहे आणि डुक्करपालनाचं प्रकरण त्याच्याच तोंडी घातलंय. तिथे तो खुलासा करतो की हे नाव डुकरं पाळल्यानं पडलेलं नाही. त्याचा आजा मॅसिडोनियात लढाईला उभा असताना सैनिकांना म्हणाला होता, डुकरीण पिल्लं उधळते तसा मी शत्रूला उधळतो. बोलल्याप्रमाणे केलं आणि नाव घराण्याला चिकटलं.

घरची गोष्ट म्हणून ठीक आहे. पण चारेकशे वर्षांनंतर माक्रोबियस हा लॅटिन लेखक वेगळीच कथा सांगतो. त्रेमेलियसच्या गुलामांनी शेजाऱ्याची डुकरीण चोरून मारली. शेजारी माणसं घेऊन आला, वाडा वेढला आणि झडती मागू लागला. त्रेमेलियसनं मेलेली डुकरीण गोधडीखाली सरकवली आणि वर बायकोला झोपवलं. मग त्या खोलीत शेजाऱ्याला नेऊन शपथेवर सांगितलं, ‘माझ्या घरात त्या अंथरुणात पडली आहे तेवढी सोडून दुसरी डुकरीण नाही.’ शपथ खोटी नव्हती. बायको काय म्हणाली ते माक्रोबियसनं लिहिलेलं नाही.